पहिल्या पाटीचा मान

गोजरबाई ग्रामपंचायतीची सभासद आहे, हे खुद्द गोजरबाईलाही मधूनमधून आठवावं लागायचं.

कायदा म्हणाला, पंचायतीत दोन बायका पाहिजेतच. मग सरपंच श्रीमंत आण्णांनी गावभर नजर फिरवली. घरात 'आमच्या बाईमाणसाला चावडीवर कशाला बोलावता' असं विचारायला गडी नाही आणि जिला स्वतःलाही फारसं तोंड नाही, अशी बाई त्यांना हवी होती. गोजरबाई दोन्हीत बसली. नवरा कधीच वारलेला, पोटी मुलगा नाही, दावणीला एक शेळी आणि वाट्यानं लावलेला कोरडवाहू तुकडा. झालं, बाई बिनविरोध निवडून आली. महिन्या-महिन्यानं कोतवाल हाक मारायचा. बाई चावडीत दाराशी पोत्यावर बसायची, गड्यांची भांडणं ऐकायची, चहा आला की बशीतून प्यायची, अंगठा उठवायची आणि गुडघ्यावर हात देऊन उठायची. दुसरी सभासद तर तेवढीही तसदी घ्यायची नाही. कोतवालच शाईचा डबा घेऊन तिच्या चुलीपुढं जायचा. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय!

करकंबहून टेंभुर्णीकडं निघालं की मधेच एक गाडीवाट फुटते, तिच्यावरचं हे गाव. गाव उतारावर बसलेलं. वरची आळी टेकाडावर, खालची आळी ओढ्याच्या अंगाला. वरच्या आळीला स्वतःची विहीर, खालच्या आळीला स्वतःचा आड. आणि या दोहोंच्या मधल्या उतारावर, वरच्या आळीच्या घरांच्या पिछाडीला, एकाला एक लागून सगळ्यांचे उकिरडे. पिढ्यान् पिढ्या तिथंच. आभाळ फुटलं की त्या उकिरड्यांचं पाणी कुठं जाणार? पाण्याला काय चढ चढता येतो? ते खालीच जायचं, आडाच्या तोंडाशी, आणि कठडा फुटला होता तिथून आत.

खालच्या आळीला पावसाळ्यात हगवण लागते, हे गावात असं सांगितलं जायचं, जसं थंडीत ओठ फुटतात हे सांगतात. लागते म्हणजे लागते. त्यात काय?

गोजरबाईची एकुलती एक लेक बाळाबाई याच गावात, खालच्या आळीच्या धोंडीरामाला दिलेली. नजरेसमोर राहील म्हणून गावातच दिली. बहात्तरचा दुष्काळ त्या पोरीनं खडी फोडून काढला. पोटाला सरकारनं वाटलेली सुकडी खाल्ली, पण जगली. दुष्काळ सरला, पुढच्या साली पाऊस आला, सगळं गाव हसलं, आणि त्या पावसाच्या पाण्यानं आड भरला तशी बाळाबाई दोन दिवसांच्या हगवणीनं गेली. दुष्काळानं न मारलेली पोर पाण्यानं मारली. मागं राहिली पाठीवर नेता येईल एवढी नात.

तेव्हापासून गोजरबाईनं एक काम अंगावर घेतलं. रोज सकाळी वरच्या आळीच्या विहिरीवरून एक घागर भरायची आणि उतार उतरून धोंडीरामाच्या घरी नेऊन द्यायची. "ही पोरीच्या तोंडापुरती. दुसऱ्या कशाला वापरू नगा," असं ती विहीणबाईला पहिल्या दिवशी म्हणाली आणि नंतर म्हणायचीही राहिली. घागर मात्र चुकली नाही. उतारावर भरल्या घागरीनं गुडघ्यांचं काय होतं, ते उतरणाऱ्यालाच ठाऊक. संध्याकाळी ती एरंडाची पानं चुलीवर शेकून गुडघ्यांना बांधायची आणि मनात एकच हिशेब करत पडायची, की हे गुडघे आणखी किती दिवस? आज मी हाय. उद्या मी अंथरुणाला खिळले, की त्याच दिवशी पोर त्या आडाचं पाणी पिणार.

आता बघा, अशा बाईच्या कानावर ती खतखड्ड्यांची योजना आली.

आणली ग्रामसेवकानं. सिद्धलिंगप्पा त्याचं नाव, अक्कलकोटच्या बाजूचा. मराठी बोलता बोलता मधेच कानडीत 'हौदु, हौदु', म्हणजे 'होय, होय', म्हणायचा. रासायनिक खताचं पोतं त्या साली असं महागलं होतं की शेतकऱ्यानं नुसतं हात लावून परत यावं. तालुक्याच्या साहेबांनी म्हणून नवीन टूम काढली. गावाबाहेर गायरानात ओळीनं खड्डे काढायचे, सगळ्या गावाचं शेण, केरकचरा, राख, पालापाचोळा तिथं थराथरानं टाकायचा, वरून माती, पाणी. चार-पाच महिन्यांत काळंभोर खत. ज्यानं जितक्या पाट्या टाकल्या त्या मानानं त्याला गाडीनं खत. आणि गावातले उकिरडे बंद.

"उकिरडे बंद" हे ऐकलं आणि पोत्यावर पेंगत असलेली गोजरबाई ताठ बसली. सभासद झाल्यापासून पहिल्यांदा तिनं तोंड उघडलं.

"भाऊसाहेब, उतारावरलं बी बंद व्हतील का?"

"हौदु अक्का, समदं बंद. आडाचं पाणी बी चांगलं राहील," सिद्धलिंगप्पा म्हणाला. गड्यांनी एकमेकांकडं बघितलं. बाई बोलली म्हणून.

ग्रामसभेत सगळ्यांचे हात वर गेले. हात वर करायला काय जातंय! गायरानात ओढ्यापल्याड रोजगाराच्या कामावर खड्डे निघाले. चांगले छातीएवढे खोल. आणि मग ते तसेच राहिले. दसरा होऊन गेला तरी खड्ड्यात शेणाचा पो पडला नाही. पोरं त्यात लपाछपी खेळली, वरच्या आळीतल्या मुक्ताबाईचं करडू पडून त्याचा पाय मोडला, बस्स. कारण उघड होतं. हात वर केले गड्यांनी. उकिरड्यावर पाटी नेतात बायका. आणि बायकांना कुणी विचारलंच नव्हतं.

सिद्धलिंगप्पा रडकुंडीला आला. दिवाळी झाली की साहेब बघायला येणार. खड्डे रिकामे दिसले तर योजना उचलून दुसऱ्या गावाला देणार, असा सांगावा होता.

"मग बायास्नी समजवायचं कुणी?" गोजरबाईनं चावडीत विचारलं.

श्रीमंत आण्णांनी पानाची पिंक टाकली. "वैनी, आता तुमी कशाला हाय सभासद? समजवा की तुमीच."

गडी हसले. गोजरबाई हसली नाही. ती उठली, पदर खोचला आणि वरच्या आळीला लागली.

तिला वाटलं होतं, बायका आहेत, सांगितलं की कळेल. कळायला काय, सगळ्यांना सगळं कळत होतं! पण उकिरडा म्हणजे नुसता केराचा ढीग नव्हे हो. उकिरडा म्हणजे घरची लक्ष्मी. सून घरात आली की सासू तिला देवघर दाखवायची, रांजण दाखवायची आणि उकिरडा दाखवायची. दिवाळीच्या पाडव्याला पहाटे घर झाडून तो केर पाटीत भरायचा, वर पणती ठेवायची आणि 'इडा पिडा जावो, बळीचं राज्य येवो' म्हणत उकिरड्यावर नेऊन तिथं दिवा लावायचा. ज्या जागी दिवा लावला ती जागा सोडून कुणी जातं का?

पहिल्याच घरी मुक्ताबाईनं तिला उंबऱ्यावर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाली, "गोजराक्का, राग नगं मानू. माझ्या दोन म्हशींचं शेण, आन ते नुसती राख टाकणाऱ्यांच्या केरात कालवायचं? आमची लक्ष्मी लोकाच्या हाताबुडी द्यायची? कसं व्हायचं गं!"

दुसरीकडं ऐकलं, की एवढ्या लांब पाटी वाहायची कुणी? तिसरीकडं ऐकलं, की खत गाडीनं वाटणार म्हणजे सरपंचाची गाडी आधी भरणार. तेही काही खोटं नव्हतं. चौथीनं सरळ विचारलं, "तुला काय भेटणार हाय गं ह्यात?"

गोजरबाई आडाबद्दल सांगायची. खालच्या आळीचं पाणी, हगवण, लेकरं. बायका चुकचुकायच्या, बाळीचं नाव निघालं की पदर डोळ्याला लावायच्या आणि शेवटी तेच म्हणायच्या, "आमचा उकिरडा केवढासा गं! त्यानं काय पाणी नासतंय?" प्रत्येकीचा केवढासाच. मग आडात जातो तो कुणाचा?

रोज सकाळी घागर, दुपारी खुरपण, संध्याकाळी ही दारोदार फिरती. घरी आल्यावर भाकरी थापायचं त्राण उरायचं नाही. सकाळची शिळी पाण्यात कुस्करून ती खायची. नको नको झालं होतं. एकदा तर वाटलं, साहेब येऊ दे आणि योजना घेऊन जाऊ दे, निदान हे बोलणं तरी थांबेल.

अशाच एका संध्याकाळी ती बजाबाईकडं गेली. बजाबाई म्हणजे जुन्या पोलीस पाटलाची बायको, वरच्या आळीत वयानं आणि तोंडानं सगळ्यात मोठी. तिनं हो म्हटलं तर आळी हलणार, हे पोरासोरांनाही माहीत. बजाबाईनं सगळं ऐकून घेतलं, तंबाखू मळली, दाढेला लावली आणि मग म्हणाली, "ह्ये बघ गोजरे. पोळ्याला आमचा बैल पैला. होळीला आमची पोळी पैली. खड्ड्यात पैली पाटी आमच्या घरची पडणार आसंल तर मी सुनंला धाडीन. लोकाच्या केरावर आमचा केर पडणार न्हाय."

एवढंच? गोजरबाईला तर पायातला काटा निघाल्यासारखं झालं. "व्हय बजाकाकी, तुमचीच पैली. पाडव्याच्या पहाटं. तसं बी केर काढायचाच असतोय."

आणि इथंच बाई चुकली. वाईट हेतूनं नव्हे. दमली होती म्हणून. मान ही कुलूप उघडणारी किल्ली आहे हे तिला कळलं आणि मग तिनं ती किल्ली ज्याच्या त्याच्या दाराला लावली. दुसऱ्या दिवशी मुक्ताबाईला म्हणाली, "पैली पाटी तुजी पडू दे की." मुक्ताबाईचं तोंड उजळलं. "खरं म्हंतीस? माझ्या म्हशींच्या शेणानं सुरवात?" "व्हय गं बाई, तुज्याच." पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरीही तेच. "कुणाला सांगू नगं फकस्त, न्हाय तर बाकीच्या रुसतील," एवढी पुस्तीही जोडली. मनात तिनं असं बसवलं होतं, की पाडव्याला ज्या त्या घरचं उठणं, न्हाणं वेगवेगळ्या वेळी. येतील मागं-पुढं, टाकतील, जातील. कोण कुणाला बघतंय?

अगं गोजरबाई, पहिला मान मिळणार म्हटल्यावर कुठली बाई उशिरा उठेल? एवढं तुझ्या ध्यानात येऊ नये?

पाडव्याला कोंबडा आरवायच्याही आधी वरच्या आळीतली दारं करकरली. प्रत्येकीला वाटत होतं, आपण एकटीच आज लवकर. ओढ्यापर्यंत पोचेतो कुणाला कुणाचा पत्ता नाही. आणि ओढा ओलांडला तर काय, अंधारात इकडून एक पणती, तिकडून एक पणती. गायरानात पहिल्या खड्ड्याच्या काठावर सगळी वरची आळी डोक्यावर पाट्या घेऊन उभी! नवी लुगडी, केसांना उटण्याचा वास आणि तोंडं मात्र अशी, की बघत राहावं.

"तू गं हितं कशी?"

"मला गोजराक्कानं सांगितलंय, पैली माजी म्हणून."

"चल! शब्द मला दिलाय तिनं. देवाच्या दिव्यापुढं दिलाय."

"अय्यो," सिद्धलिंगप्पा म्हणाला. बिचारा हौसेनं हळदकुंकू घेऊन आला होता. तो हळूच मागं सरकला.

गोजरबाई आली ती सगळ्यांच्या शेवटी. पाडवा असला तरी घागर चुकवता येत नव्हती. ती उतरवून, धापा टाकत आली. आल्या आल्या सगळ्या तिच्यावर. ही म्हणते मला का फसवलंस, ती म्हणते सणाच्या दिवशी तोंडघशी पाडलंस. हिनं पाटी उचलली की तिनं हात आडवा घातला. दुसरी पाटी टाकायला एकही तयार नाही. पणत्यांतलं तेल सरत चाललेलं, आणि दिवस उगवायच्या आत दिवा लागला पाहिजे.

"बायांनो, माजं चुकलं," गोजरबाई म्हणाली. "पन पानी तर बघा. पैली काय, शेवटली काय..."

आता बजाबाई पुढं झाली. पाटी सुनेच्या डोक्यावर, पणती स्वतःच्या हातात. "गोजरे, पानी-पानी करून दारोदार हिंडलीस. आमचं उकिरडं मोजलंस. आन तुजा गं? आडाच्या पार डोक्यावर कुणाचा उकिरडा हाय, सांग की ह्यास्नी. आपलं ठेवायचं झाकून आन दुसऱ्याचं बघायचं वाकून!"

सगळ्यांच्या नजरा गोजरबाईकडं वळल्या.

आणि ते खरं होतं. तिचं घर वरच्या आळीत पार उताराच्या टोकाला, आणि आडाला सगळ्यात जवळचा उकिरडा गोजरबाईचाच होता. एका शेळीच्या लेंड्या, मूठभर राख आणि दारचा पाला. तिनंही स्वतःशी तेच म्हटलं होतं जे बाकीच्या तिला म्हणत होत्या. आपला केवढासा! सगळ्यांचे हलले की आपलाही हलवू, असं ती मनाला सांगत आली होती. त्या पहाटेही तिनं घरचा केर काढला तो खड्ड्याकडं आणला नव्हता. सवयीनं, सगळ्यात आधी, आपल्याच उकिरड्यावर टाकून, तिथं पणती लावून मग ती घागर भरायला गेली होती.

लाजेनं गोजरबाईची मान खाली गेली. बायकांनी पाट्या सावरल्या. मुक्ताबाई म्हणाली, "चला गं, दिस उगवंल. आपापल्या उकिरड्यावर दिवा लावू." एकेक पणती ओढ्याकडं माघारी निघाली. इतक्या दिवसांची वणवण मातीला मिळाली होती, आणि मिळवली कुणी, तर तिची तिनंच.

सिद्धलिंगप्पा हळू आवाजात म्हणाला, "राहू द्या अक्का. मी साहेबांना कायतरी सांगतो."

गोजरबाई बायकांच्या मागोमाग चालत राहिली. रडू येत होतं, पण रडायचाही कंटाळा आला होता. घरी गेली, परड्यातून खोरं आणि रिकामी पाटी घेतली आणि उकिरड्यापाशी आली. मघाची पणती अजून तेवत होती. तिनं ती उचलून बाजूला जमिनीवर ठेवली, पदर कमरेला गुंडाळला आणि खोरं मारलं.

वरचा केर निघाला, मग राख निघाली, मग जुनं, कुजून काळं झालेलं. गुडघे टेकून ती ओढत होती. बायका आपापल्या उकिरड्यांशी थांबल्या होत्या, पणत्या हातात तशाच. सणाच्या दिवशी, दिवा लावलेला उकिरडा कुणी उकरतं का? असलं कुणी बघितलं नव्हतं.

खोरं ओढता ओढता ती कडेच्या एका दगडापाशी आली आणि तिचा हात थांबला. ते बघून सुनेच्या हाती पणती देऊन बजाबाई लगालगा उतरून आली आणि तिनं खोऱ्याचा दांडा धरला.

"ए खुळे! तितं नगं. तितं बाळीची वार पुरलीया. माज्या हातानं पुरलीया मी."

बाळाबाई याच घरात जन्मली होती. सुईण यायच्या आधी झाली, आणि धावून आली होती ती हीच बजाबाई. तिनंच नाळ कापली, तिनंच वार गाडग्यात घालून उकिरड्याच्या कडेला पुरली, वर दगड ठेवला. लेकीची वार उकिरड्यात पुरली की लेकीचा संसार भरभरून वाढतो म्हणतात. गोजरबाई दर पाडव्याला पणती ठेवायची ती त्या दगडाशीच. बाळाबाई होती तेव्हाही आणि गेल्यावरही. म्हणून तो उकिरडा हलत नव्हता. केवढासा वगैरे सगळं तोंडदेखलं होतं.

गोजरबाईनं वर बघितलं. डोळे कोरडे, आवाज पार खाली गेलेला.

"मला ठावं हाय काकी. पन बाळी गेली. वार बी कवाच माती झाली. हितलं पानी प्यायाची नात तेवढी राहिली हाय. माजं गुडघं आता लई दिस घागर न्हेणार न्हाईत."

आणि तिनं दगड सरकवला. बजाबाईच्या हातातून दांडा सुटला.

दगडाखाली काही नव्हतं. काळी, भुसभुशीत, हलकी माती. गोजरबाईनं ती ओंजळीओंजळीनं पाटीत भरली. पाटी भरली आणि उचलायला गेली तर उठवेना. एक गुडघा टेकला, दुसरा टेकला. पाटी जागची हलली नाही.

तेव्हा बजाबाई वाकली. पोलीस पाटलाची बायको, जिनं सून आल्यापासून स्वतःच्या घरचा केर उचलला नव्हता, तिनं लोकाच्या उकिरड्याची पाटी दोन्ही हातांनी उचलली आणि नव्या लुगड्याच्या पदरावर, डोक्यावर घेतली. बाजूला ठेवलेली पणती तिनं गोजरबाईच्या हातात दिली.

"चल फुडं. दिवा धर."

मग वळून उतारावरच्या बायकांकडं बघून ती ओरडली, आणि त्या आवाजात रडणं होतं, "पैली पाटी बाळीची! कुणाला काय म्हणायचं हाय?"

कुणालाच काही म्हणायचं नव्हतं. बाळीच्या पुढं मान कोण मागणार? बजाबाई आणि गोजरबाई ओढ्याकडं निघाल्या तशी मुक्ताबाईनं खाली ठेवलेली पाटी पुन्हा डोक्यावर घेतली. मग तिची जाऊ. मग बाकीच्या. खड्ड्यात बाळीच्या जन्माची माती पडली आणि तिच्यावर सगळ्या आळीचा केर, कुणाचा आधी, कुणाचा मागून, ते कुणी बघितलं नाही. 'इडा पिडा जावो' म्हणताना बऱ्याच जणींना पुढचं म्हणता आलं नाही.

एका पहाटेत सगळं नीट झालं असं मात्र समजू नका. पाडव्याला पडली ती घरटी एक पाटी. उतारावरचे ढीग तसेच होते. ते गाड्यांनी उपसायचे, तर निम्म्या गाड्या ऊस वाहायला श्रीपूरच्या कारखान्यावर गेलेल्या. साहेब आले, खड्ड्यात डोकावले, श्रीमंत आण्णांनी त्यांना हार घातला आणि त्यांनी आण्णांना शाबासकी दिली. गोजरबाई तेव्हा दाराशी पोत्यावर बसलेली होती. तिला चहा मिळाला. पुढं शिमग्यापर्यंत ती पुन्हा दारोदार फिरतच होती; आज हिची गाडी माग, उद्या तिच्या मालकाला गाठ. दोन उकिरडे तर उन्हाळ्याच्या शेवटापर्यंत हलेनात. त्यातला एक सरपंचांचा. शेवटी एका सकाळी बजाबाई त्यांच्या दारात जाऊन बसली, "आण्णा, मी काय म्हंते, तुमचा उकिरडा मी न्हिऊ का डोक्यावर?" तेव्हा तो हलला. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात. ह्याचे सरपंचाच्या लाजेनं फिटले. आडाचा कठडाही सिद्धलिंगप्पानं मागं लागून बांधून घेतला, आणि उन्हाळ्यात आड उपसून साफ केला.

पावसाळा लागला तशी गोजरबाई रोज आडावर जाऊन उभी राहायला लागली. उतारावरून पाणी यायचं ते तांबडं, मातीचं, आणि कठड्याच्या बाहेरून ओढ्याला निघून जायचं. तरी तिचा विश्वास बसेना. दोन बायकांनी पाणी शेंदून नेलं, तिनं बघितलं. विहीणबाईनं नेलं, तिनं बघितलं. आपल्या घागरीतला थेंबही तिनं कमी केला नाही. पण घागर देऊन परतताना ती आडावर थांबायची, कुणाच्या तरी बादलीतून ओंजळभर पाणी घ्यायची आणि प्यायची. मुक्ताबाईला कळलं तशी ती ओरडली, "अगं म्हातारे, मरशील!" गोजरबाई म्हणाली, "मेले तर कळंल की, पानी अजून वाईट हाय म्हणून." पंधरवडा झाला, महिना झाला. बाईला काही झालं नाही. खालच्या आळीतही त्या साली कुणी आडवं पडलं नाही.

मग एका सकाळी ती उताराच्या वाटेनं रिकामी घागर घेऊन खाली आली. गुडघे नेहमीसारखेच दुखत होते. आडात बादली सोडली, शेंदली, घागर भरली आणि धोंडीरामाच्या ओसरीवर नेऊन ठेवली. नात दारातच होती. तिनं आजीचं कपाळ बघितलं, घामाचा ठिपूस नाही.

"आजी, आज वरचं पानी न्हाय आणलंस?"

"न्हाय. आजपासनं हितलंच."

पोरीनं तांब्या बुडवला आणि उभ्या उभ्या घटाघटा प्यायली, पाणी हनुवटीवरून ओघळलं. गोजरबाई ओसरीच्या खांबाला टेकून खाली बसली आणि पोर पिऊन होईपर्यंत बघत राहिली. तांब्या खाली ठेवल्यावर तिनं दोन्ही पाय लांब केले आणि मग, बाळी गेली तेव्हापासून पहिल्यांदा, ती मोकळेपणी रडली. पोर घाबरली. "काय झालं गं आजी?"

"काय न्हाय," गोजरबाई म्हणाली. "गुडघं दुखाय लागल्यात."